बार्डनीचं दार

आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनं, छोट्या छोट्या राज्यांचं इंग्लंड मांडलेलं असायचं. साखरेचा डबा म्हणजे मर्सिया, कारण तो मधोमध आणि जड. लोणच्याची बरणी भिंतीकडे, ती नॉर्थम्ब्रिया. चहाची किटली वेसेक्स. मिठाची बाटली केंट. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ईस्ट अँग्लिया, कारण त्याचं झाकण कधीच नीट बसायचं नाही आणि जो येईल तो त्यात हात घालायचा. रविवारी सकाळी पोहे खाता खाता माझा नवरा हे डबे सरकवत बसायचा.

"आता बघ, साखर वर सरकली."

"मला लोणचं हवंय."

"थांब जरा. त्यांचा राजा नुकताच मारला गेलाय. गादीवर कुणीतरी बसू दे, मग घे."

मी थांबायची. पोहे गार व्हायचे. मागच्या दारातून सफरचंदाच्या झाडाची सावली टेबलावर यायची आणि मर्सियावरून हळूहळू वेसेक्सकडे सरकत जायची.

तो गेल्याला आता वर्ष होत आलं. हे मी फार सावकाश लिहिते आहे. एखादं वाक्य झालं की उठते, खिडकीशी जाते, परत येते तेव्हा ते वाक्य दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटतं.

तो साताऱ्याचा. एकाच घराण्याच्या दोन गाद्या, एक साताऱ्याला आणि एक कोल्हापूरला, हे तिथल्या माणसाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. इथे येऊन त्याने आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नलचं काम केलं. मी लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीत कामाला होते. काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगातून एकदा एक जाडजूड पुस्तक त्याच्यासाठी घरी आणलं, ते या जुन्या राजांचं होतं. नॉर्थम्ब्रियात दोन राजघराणी होती, उत्तरेचं बर्निसिया आणि दक्षिणेचं डीरा. एक गादीवर बसलं की दुसऱ्याची मुलं रातोरात परमुलखात पळायची. हे वाचून तो एकटाच हसत बसला होता.

"काय झालं?"

"अगं, ही तर आपलीच माणसं. भाऊबंदकी, नुसती भाऊबंदकी. आणि प्रत्येकाची वंशावळ मागे मागे नेली की एका जुन्या देवापाशी जाऊन पोचते. आमचे आबाही असंच सांगायचे."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही ती राज्यं बघायला जायचो. बघायला अर्थात काही नसायचं. एखादा गवताचा उंचवटा, मेंढ्या, कुणाच्या तरी शेताचं फाटक. मी घडीची खुर्ची टाकून थर्मासमधला चहा ओतायची आणि पुस्तक उघडायची. तो कमरेवर हात ठेवून वाऱ्यात उभा.

"इथे काय आहे?" मी विचारायची.

"इथे काहीच नाही. तेच बघायला आलोय."

मुलगी लहान असताना मागच्या सीटवर कंटाळून झोपून जायची. मोठी झाल्यावर ती यायची बंद झाली, पण या राजांमधली एक गोष्ट मात्र तिच्या अंगाला चिकटून राहिली, ती बार्डनीची. ती बाहेरून आली की मागे दार उघडंच टाकायची. हा आतून ओरडायचा, "बार्डनीची का तू?" बार्डनी हे लिंकनशरमधलं गाव; तिकडे दार उघडं टाकणाऱ्याला म्हणे असंच विचारतात. एकदा तिने शाळेतल्या मैत्रिणीला हेच मराठीत विचारलं होतं, आणि वर तिला ते कळलं नाही म्हणून तिच्यावरच रागावली होती.

त्यामागची पूर्ण गोष्ट मात्र त्याने मला पहिल्यांदा गाडीत सांगितली. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आम्ही बार्डनीलाच निघालो होतो.

नॉर्थम्ब्रियाचा एक राजा होता. त्याच्या बापाला दुसऱ्या घराण्याने मारलं तेव्हा हा लहान होता. तो पळून पश्चिम स्कॉटलंडात वाढला, तिथल्या माणसांची भाषा शिकला. राजा होऊन परत आल्यावर तिकडून एक धर्मगुरू आणला. त्याला इथली भाषा येईना, म्हणून राजा स्वतः शेजारी उभा राहून त्याचं बोलणं आपल्या सरदारांना समजावून सांगायचा. या राजाला मर्सियाच्या राजाने लढाईत मारलं, डोकं आणि हात तोडून खांबांवर लावले. पुढच्या वर्षी त्याच्या भावाने येऊन ते सोडवून नेले. डोकं एका बेटावर पुरलं, हात एका किल्ल्यावर ठेवले. उरलेली हाडं तशीच राहिली. आणि पुढे, ज्याने मारलं त्याच्याच मुलाशी, त्या मेलेल्या राजाच्या पुतणीचं लग्न झालं.

"अरे बापरे," मी म्हटलं.

"थांब, खरं पुढेच आहे. ही पुतणी मर्सियाची राणी झाली. तिने काकाची हाडं शोधून काढली, गाडीत घातली, आणि संध्याकाळी बार्डनीच्या मठापाशी आणली. मठवाल्यांनी दार उघडलं नाही."

"का?"

"म्हणाले, माणूस मोठा होता, मान्य आहे. पण परक्या घराण्याचा. येऊन आमच्यावर राज्य केलं त्याने. आत नको. रात्रभर ती हाडं गाडीतच, बाहेर, वर नुसता एक तंबू."

"मग?"

"मग रात्री त्या गाडीवरून आभाळापर्यंत उजेडाचा खांब उभा राहिला. सगळ्या मुलखातून दिसला म्हणतात. सकाळी तेच मठवाले हात जोडून म्हणाले, आत आणा. आणि तेव्हापासून त्यांनी दार कधी लावलंच नाही."

एवढं सांगून तो ए-वन महामार्गावरच्या एका सर्व्हिसेसला, पेट्रोल-चहाच्या थांब्यावर, थांबला आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "आज थकलोय गं," म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ." आम्ही परत फिरलो. त्या थकव्याचं नाव आम्हाला महिन्याभराने कळलं, आणि पुढचा उन्हाळा आला तेव्हा तो नव्हता.

त्याच्या दहनानंतर त्याची राख एका हिरव्या प्लास्टिकच्या बरणीत मिळाली. ती हातात घेताना मी चकित झाले होते, ती इतकी जड होती. साताऱ्याहून दिरांचा फोन आला. ते माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, ऐंशीच्या घरातले. मी नवऱ्याला नावाने हाक मारायची, पण दिरांशी बोलताना तो नेहमी "हे" व्हायचा.

"संगम माहुलीला सगळ्यांचं झालं," दीर म्हणाले. "आजोबांचं, आबांचं. ह्याचंही तिथंच. तू सवडीनं घेऊन ये, घाई नाही. पण तोवर घरात नाही हं घ्यायच्या अस्थी. उंबऱ्याच्या बाहेर."

"हो भाऊजी."

आमच्याकडे तसंच करतात. सासऱ्यांच्या वेळी फडक्यात बांधून अंगणातल्या झाडाला टांगल्या होत्या, ते मी पाहिलेलं. मी बरणी घेऊन सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहिले. प्लास्टिकची गोल बरणी फांदीला बांधायची कशी, काही सुचेना. शिवाय कोल्हे आणि खारी. शेवटी बागेच्या टोकाला शेड आहे, तिथे लॉनमोवरच्या बाजूच्या फळीवर ठेवली. त्याच्या तपकिरी मफलरमध्ये गुंडाळली. दार लावून घेतलं आणि घरात येऊन हात धुतले.

मुलगी ग्लासगोला असते. ख्रिसमसला ती आली आणि दिव्यांची माळ काढायला शेडमध्ये गेली. परत आली तेव्हा माळ तिच्या हातात नव्हती.

"आई. व्हाय इज बाबा इन द शेड?"

मी सांगितलं, आपल्यात आत आणत नाहीत.

"बाबा लॉनमोवरच्या बाजूला बसलाय."

"बसलेत."

"सॉरी. बसलेत. स्टिल लॉनमोवर, आई."

तिने बूटही न काढता काकांना व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारी बसले होते. दिरांचा चेहरा कपाळापासून वरचाच दिसत होता, त्यांना फोन कधीच नीट धरता आला नाही.

"काका, मला बाबा इथे पाहिजे. मला सातारा माहीत नाही. बाबाच्या बर्थडेला मी कुठे जाणार?"

"अगं, नदीला भेटायला पत्ता लागतो का? कुठल्याही नदीवर जा, तीच ती."

"मग तुम्ही पण कुठल्याही नदीवर जा ना."

"वकील का नाही झालीस तू?" दीर म्हणाले.

"ओके. हाफ-हाफ करू."

"माणूस म्हणजे काय वाटणीची जमीन आहे? अर्धा तुला, अर्धा मला? बांध घालायचा का मधे?"

"काका, मी फाइट नाही करत."

"मी तरी कुठं भांडतोय. तुझ्या आईला विचार."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली, एक खुर्चीतून आणि एक कपाळ फोनमधून. मी म्हटलं, बघू. जुन्या इंग्रजीत वैऱ्याच्या घरी दिलेल्या राजकन्यांना शांतता विणणाऱ्या म्हणत, हे नवऱ्यानेच मला सांगितलं होतं. दोन घराण्यांच्या मधे बसून आयुष्यभर विणायचं. बहुतेकींचं विणलेलं उसवलं. बार्डनीच्या त्या राणीलाही शेवटी तिच्याच नवऱ्याच्या सरदारांनी मारलं. "म्हणून सांगतो," तो म्हणाला होता, "माझ्या घरच्यांच्या मधे तू पडत जाऊ नकोस."

मुलगी परत गेली. जाताना शेडपर्यंत गेली, दार न उघडताच थोडा वेळ उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते.

जानेवारीत दिवस असे असतात की उजाडलं म्हणावं तोच मावळतं. मी दुपारी मागच्या खिडकीशी खुर्चीत बसायची आणि डोळा लागायचा. त्या झोपेत बाग लांब लांब होत जायची. शेडच्या जागी एक गाडी उभी असायची, वर तंबू, आणि बैल सोडून दिलेले. बैल साताऱ्याचे असायचे, गळ्यात घुंगरं. कुणीतरी बाई गाडीच्या चाकाशी पाठ लावून बसलेली असायची. तिचा चेहरा दिसायचा नाही. मला वाटायचं, तिला आत बोलवावं, चहा द्यावा, पण दार कुठल्या भिंतीत आहे हेच आठवायचं नाही. जाग यायची तेव्हा काचेवर माझ्याच श्वासाची वाफ असायची आणि टेबलावर साखरेचा डबा लोणच्यापासून हातभर दूर, त्याने शेवटी ठेवला होता तिथेच.

मी तो हलवला नव्हता. लोणचं लागलं तर उठून पलीकडून घ्यायची.

दीर दर रविवारी फोन करायचे, त्यांची पूजा आटोपली की. इकडे तेव्हा पहाटेचा अंधार असायचा. अशाच एका रविवारी कडाक्याची थंडी पडली होती. मी चहा ठेवला होता.

"ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे भाऊजी."

"आणि तो?"

असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. "आहेत," मी म्हटलं.

"मला दाखव की जरा. फोन फिरव."

मी फोन मागच्या दाराच्या काचेला लावला. बाहेर काळोख होता, म्हटलं काही दिसणार नाही. तेवढ्यात कुंपणाखालून कोल्हा आला आणि शेडवरचा दिवा लागला. तो कुणी हललं की आपोआप लागतो, नवऱ्यानेच बसवला होता. आणि एकाएकी सगळं उभं राहिलं: शेड, तिचं छप्पर, गवताची पाती न पाती, सफरचंदाची प्रत्येक काडी, सगळं पांढरं शुभ्र, गोठलेलं, चमकणारं. कोल्हा एक पाय उचलून उजेडात थांबला आणि मग निघून गेला. दिवा तसाच राहिला.

फोनमध्ये दिरांचं कपाळ जवळ आलं.

"ते पांढरं काय आहे?"

"दव गोठलंय भाऊजी."

"आणि तो कुठं आहे?"

"त्या खोपटात. दिवा आहे ना, त्याच्या खाली."

"तिथं? तेव्हापासून?"

"तुम्ही म्हणाला होतात, उंबऱ्याच्या—"

"मी म्हणालो ते आपल्या अंगणाचं गं." त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. "आपल्याकडं बाहेर म्हणजे झाडाखाली. माणसं जातायत, येतायत, कुणी पोर खेळतंय. हे असलं बाहेर मी कुठं म्हणालो." मग म्हणाले, "त्याला थंडी सोसायची नाही. माहितेय तुला? माझी गोधडी ओढून घ्यायचा. मी रात्रभर कुडकुडायचो आणि हा घोरायचा."

"मला माहितेय," मी म्हटलं. माझीही ओढायचा.

"आत घे त्याला."

"भाऊजी, पण आपल्यात—"

"मोठा कोण आहे आपल्यात? मीच ना? मी सांगतोय. आत घे. आत्ता. फोन ठेवू नकोस, मी बघतोय."

मी त्याचे मोठे बूट पायात सरकवले आणि बाहेर गेले. गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. शेडची कडी गोठली होती, ती हाताच्या उबेने सुटली. मफलर कडक झाला होता. एका हातात बरणी, एका हातात फोन, फोनमध्ये साताऱ्याची दुपार, खिडकीतून आलेलं पिवळं ऊन, आणि दिरांचं कपाळ. उंबऱ्याशी मी क्षणभर थांबले. मग आत आले.

बरणी ठेवायला जागा शोधावी लागली नाही. साखर आणि लोणचं यांच्या मधे ती होतीच. मी मफलर सोडून रेडिएटरवर टाकला.

"ठेवलं?"

"ठेवलं. टेबलावर."

"बरं केलंस." मग म्हणाले, "पोरीला सांग. थोडं तिला राहू दे म्हणावं. चिमूटभर नको, चांगलं ओंजळभर. बाकीचं तू इकडं आण. आणि दार लाव आता, सगळी थंडी घरात येईल."

"लावते," मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी ते लावलं नाही. चहा उकळून आटून गेला. बाहेरचा दिवा विझला आणि थोड्या वेळाने खरोखरीचं उजाडलं.

फेब्रुवारीत मी साताऱ्याला गेले. माहुलीच्या घाटावर, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, दीर त्यांच्या मुलाच्या खांद्याला धरून पायरी पायरी उतरले. पलीकडे राजघराण्यातल्या समाध्यांवर ऊन पडलं होतं. पाण्यात सोडताना ते भावाशी काहीतरी बोलले, अगदी हळू. त्यातला "गोधडी" एवढाच शब्द मला ऐकू आला.

मे महिन्यात मुलगी ग्लासगोहून आली आणि आम्ही दोघी बार्डनीला गेलो. गाडी ती चालवत होती. त्या सर्व्हिसेसवरून जाताना मी सांगितलं, इथून आम्ही परत फिरलो होतो. तिने मान हलवली आणि वेग कमी केला नाही. त्याचं मला बरं वाटलं.

मठाच्या जागी गवताचे उंचवटे आहेत, दुसरं काही नाही. मेंढ्या होत्या. भिंती कुठे होत्या ते गवताच्या चढउतारावरून ओळखायचं. मी दार कुठे असेल ते शोधत थोडी चालले, मग सोडून दिलं. तिथे काही टाकायचं नव्हतं. आम्ही पुढे विथम नदीकडे गेलो, गाडी बांधाच्या अलीकडे उभी केली आणि पाण्यापर्यंत चालत गेलो. नदी संथ, सरळ, आभाळाच्या रंगाची. मुलीने बरणीतली राख ओंजळीत घेतली.

"काही म्हणायचं असतं का, आई?"

"तुला येईल ते म्हण."

ती वाऱ्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली, अगदी त्याच्यासारखी, फक्त कमरेवर हात नव्हते.

"इथे काहीच नाही, बाबा," ती म्हणाली. "तेच बघायला आलोय."

आणि हात पाण्यात घातले.

बांध चढून गाडीपाशी आलो तर माझ्या बाजूचं दार सताड उघडं होतं. एक मेंढी आत डोकं घालून बघत होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिच्या ओठांवर तो बार्डनीचा प्रश्न आला होता, माझ्याही. दोघींनीही तो विचारला नाही.